घरातली ओळ

तिचा आवाज रस्त्यावरून आला, तेव्हा ती नवऱ्यासमोर तोंड मिटून बसली होती. हातात चमचा. चमच्यात घास. नवऱ्याने आधी तिच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं. मग तो उठला आणि खिडकीकडे गेला.

खाली कुणाच्या तरी मोबाइलवर ती गात होती. मी इकडे आहे, इकडे ये.

ओळ एवढीच. चाल नवऱ्याची. लग्नानंतरच्या दोन खोल्यांत एकमेकांना हाक मारायला त्याने ती चेष्टेत बांधली होती. पुढे ती फार मोठी गायिका झाली. सभागृहं भरली, गाणी घरोघर गेली. ही ओळ मात्र तिने कधी माइकसमोर आणली नाही. मुलाखतीला बसायच्या आधीच बजावायची, गाण्याबद्दल विचारा, घराबद्दल नाही. लोक म्हणायचे, शिष्ट आहे.

मग नवरा विसरायला लागला. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग स्वतःचं नाव. शेवटी तिचा चेहरा. हात धरला की घाबरायचा, ओरबाडायचा. ओळ तेवढी उरली. ती न्हाणीघरात जाऊन गायची, तो न्हाणीघरात यायचा. पलंगाशी उभी राहून गायची, तो पलंगाशी यायचा. घर असं चालायचं. आवाज पुढे, माणूस मागे.

नणंद.

ओळ घराबाहेर नेणारं दुसरं कोण असणार? घरात तिसरं माणूस तेवढंच. नणंद पाठमोरी उभी होती आणि धुतलेलीच वाटी पुन्हा धूत होती.

"वन्सं, तुम्ही?"

"दाराच्या फटीतून मोबाइलवर घेतलं, 'नवऱ्यासाठी गाते' असं लिहून नेटवर टाकलं. त्यात तूच दिसतेस. दादा दिसत नाही. तेवढी अक्कल आहे मला."

"पण कशासाठी?"

"लोक काय बोलतात, कानावर येतं का तुझ्या? मोठी झाली आणि नवऱ्याला कुठेतरी टाकून आली म्हणतात. परवा भाजीवाली मला विचारते, भाऊ आहे का गेला? मी किती दिवस ऐकून घ्यायचं? आता बघ, डोक्यावर घेतलंय तुला. रडतायत अगं माणसं!"

"माझी गाणी त्यांचीच आहेत, वन्सं. हे गाणं नव्हतं."

नणंदेने ते लगेच काढून टाकलं. तोवर ते कुठच्या कुठे गेलं होतं. कार्यक्रम ठरवणारा व्यवस्थापक फोनवर म्हणाला, "ताई, आता ते कुणाच्या हातात नाही राहिलं. आणि राग मानू नका, पण एवढं प्रेम तुमच्या एकाही गाण्याला मिळालं नव्हतं."

सलूनमध्ये. टॅक्सीत. शाळेच्या बसमध्ये, अख्खी बस एका सुरात. मागे ड्रम लावून. मागे पियानो लावून. एकदा तर कुणाच्या तरी फोनची घंटी म्हणून, जिन्यात, अर्धवट. मी इकडे आ

नवरा कपाटं उघडून आत बघू लागला. ती नव्हती तिथे. पडदे ओढून बघू लागला. एका सकाळी तो शेजाऱ्यांच्या बाजूच्या भिंतीवर कपाळ आपटताना दिसला. हळूहळू, दार वाजवावं तसं. ती त्याच्या मागे उभी राहून गात होती. तो वळला नाही. भिंतीतली ती जास्त स्पष्ट गात होती.

तिने खिडक्या लावून घेतल्या. दाराला वर, हात पुरणार नाही अशी कडी बसवली.

तिच्या वाढदिवसाला चाहते आले. गल्ली भरून, फुलं घेऊन. ती आंघोळीला गेली होती. "नको म्हणून सांगते आणि येते," असं म्हणत नणंद स्टुलावर चढली आणि कडी काढली. नको म्हणेपर्यंत तिचे दोन्ही हात फुलांनी भरले. खाली सगळ्यांनी मिळून ओळ सुरू केली.

ती न्हाणीघरातून बाहेर आली तर पलंग रिकामा. खुर्ची रिकामी.

"दादा आत होता ना?" नणंद दारातूनच म्हणाली. फुलं टाकावीत की धरावीत, तिला कळेना.

गायिका ओल्या केसांनी जिना उतरली. तिला पाहून गल्लीने जल्लोष केला. गल्ली जिथे संपत होती तिथे मोठा रस्ता होता आणि रस्त्यावर ट्रक होते. डोक्यांच्या पलीकडे, अगदी टोकाला, नवऱ्याचा निळा स्वेटर दिसला. तिने नावाने हाक मारली. त्या नावाला ओ देणारं आता कुणी नव्हतं.

मग ती गायली.

गल्ली गप्प झाली. निळा स्वेटर थांबला. वळला. एक पाऊल तिच्याकडे आलं. आणखी एक. वाटेत येतील त्यांच्या खांद्यांना चाचपत तो गर्दीत शिरला.

तेवढ्यात कुणीतरी साथ धरली. मग सगळ्यांनी. उजवीकडून, डावीकडून, गच्च्यांवरून, रस्त्यापलीकडून. मी इकडे आहे, इकडे ये. तिने दोन्ही हात हलवून थांबा, थांबा म्हटलं. लोकांना वाटलं, ताई आणखी जोरात म्हणायला सांगतायत.

तो गर्दीत अडकला. एकेका गाणाऱ्या तोंडाजवळ जाऊन बघू लागला. इकडे. मग इकडे. एका माणसाच्या मोबाइलसमोर तो आला, तसं त्या माणसाने हात खाली न घेता त्याला खांद्याने मागे, मोठ्या रस्त्याकडे सारलं.

"काका, व्हा ना जरा बाजूला. दिसत नाहीये का? ताई नवऱ्यासाठी गातायत."