थोरले दीर

लकव्यानं वच्छलाबाईंचा उजवा हात अधू झाल्याला पाच महिने झाले होते. वेणीसुद्धा सूनच घालून द्यायची, आणि त्याची त्यांना लई लाज वाटायची. गारखेड्यातल्या फिजिओथेरपी सेंटरातली थेरपिस्ट आमरीन त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवायची आणि हात किती वर गेला ते कॉम्प्युटर मोजायचा. महिनाभर आकडा चाळीस अंशांवरच अडकून बसला होता.

"मावशी, आज तरी थोडा वर न्या," आमरीन म्हणाली. "फरक दिसला नाही तर डॉक्टर व्यायाम बंद करतील."

वच्छलाबाईंनी दातओठ खाऊन जोर लावला. आकडा चाळीसच आला.

"नाय होत गं माय," म्हणताना त्यांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात त्यांचे थोरले दीर बद्रीनाथराव तब्येत विचारायला गावाकडून आले, ते दार ढकलून थेट आतच. वच्छलाबाई गडबडीनं सावरून बसल्या आणि त्यांनी उजव्या हातानं झटकन डोक्यावरून पदर घेतला.

कॉम्प्युटरनं एकशे तीस अंश दाखवले.

आमरीननं आधी आकड्याकडं पाहिलं, मग बद्रीनाथरावांकडं.



"मावशी, डोक्यावरचा पदर खाली घ्या. काका, तुम्ही बाहेर जाऊन परत आत या, दहा वेळा."