मौनाचा सिद्धांत

ग्रामसभेला बायका का येत नाहीत, यावर सोनालीची पीएचडी होती. सिद्धांत तिच्या मार्गदर्शक सरांनी आधीच ठरवून दिला होता: ग्रामीण स्त्री मौन बाळगते. आता पुरावा तेवढा आणायचा होता, म्हणून ती लोहाऱ्याजवळच्या एका गावात इरम्माकडं गेली.

इरम्मा सलग दोन तास बोलली. "सभा मुद्दाम बाजाराच्या दिवशी ठेवतेत. आमी तिकडं भाजी इकत बसतो, अन् इथं ठराव होतेत. लिव्ह की बाई, सरपंचाचं नाव बी लिव्ह."

सोनालीनं शब्द न् शब्द लिहून नेला. सरांनी चष्मा पुसून वाचला.

"हे सिद्धांतात बसत नाही."

"मग सिद्धांत बदलायचा का, सर?"

सर मायेनं हसले.

यंदा सोनाली डॉक्टर झाली. प्रबंधाच्या परिशिष्टात इरम्माच्या नावापुढं तिनंच नोंद केली आहे: 'मौन बाळगले.'