शेंडेफळ

जाग आली तेव्हा भिंगरीची पाठ दुखत नव्हती, आणि ती घाबरली.

ती हललीच नाही. गेले आठ महिने दुखणंच तिला उठवत होतं. कमरेतून निघालेली कळ डाव्या मांडीतून पोटरीत, पोटरीतून घोट्यात उतरायची, तेव्हा कुठे तिचा दिवस उजाडायचा. आज कळ नाही. कुठेतरी दबा धरून बसली असेल, तिला वाटलं. तिनं श्वास रोखून कूस बदलली. काही नाही. उठून बसली, पाय खाली सोडले. नाहीच. बाविसाव्या वर्षी माणसानं नुसतं पलंगावर उठून बसता आलं म्हणून हात जोडावेत? तिनं जोडले. देवा, आजच्यासारखं रोज ठेव, एवढंच मागितलं.

खोलीच्या मधोमध तिचा स्केटबोर्ड उलटा पडला होता. त्याच्यावर उभं राहता येत नसलं, तरी महिन्यातून एकदा ती त्याची चाकं काढून पुसायची, परत बसवायची. काल तीन बसली. चौथ्याचा नट काही केल्या सापडला नाही.

बाबा मोजे घेऊन आले. बाबा घड्याळजी. तिळाएवढा स्क्रू त्यांनी कधी हरवला नव्हता, त्यामुळे कालपासून त्या नटावरून लेकीला टोमणे चालले होते. रोजच्यासारखे ते गुडघ्यावर बसले. वाकता येत नसल्यामुळे मोजे-बूट तेच घालायचे, आणि त्याआधी एक खेळ असायचा. तिनं डोळे मिटायचे, त्यांनी डाव्या पायाचं एक बोट धरायचं, कोणतं ते तिनं ओळखायचं. अंगठा म्हणजे थोरले, करंगळी म्हणजे शेंडेफळ. खेळ डॉक्टरांनी सांगितलेला. दुखतंय तोवर आपल्या हातात वेळ आहे, पण पाय बधिर वाटला तर मिनिटभर थांबायचं नाही, तडक यायचं, असं त्यांनी बजावलं होतं. सुरुवातीला ती प्रत्येक बोट दोनदा धरायला लावायची. पुढे पुढे ती मुद्दाम चुकीचं बोट सांगून बाबांचा जीव टांगणीला लावायची आणि हसायची.

आज तिनं मोजे त्यांच्या हातून काढून घेतले.

"आज मी घालते."

ती वाकली. दोघंही कळ येण्याची वाट बघत होते. ती आली नाही. एक मोजा झाला, दुसरा झाला. दोन्ही पाय बुटात सरकवून तिनं नाड्यांना दुहेरी गाठ मारली आणि ताठ झाली. बाबांनी चष्मा काढून सदऱ्यानं पुसला, पुन्हा पुसला. मग घाईघाईनं उठून आपल्या कामाच्या टेबलाकडे गेले, तीन खण उचकून कुठूनसा एक नट शोधून आणला आणि चौथं चाक स्वतःच्या हातानं बसवलं.

"नुसती उभी राहा हं," ते म्हणाले. "उड्या नकोत."

उड्या नकोत म्हटल्यावर ती थांबणार थोडीच! उजवा पाय पुढे, डावा मागच्या टोकावर. मागच्या चवड्यानं टोक दाबलं की बोर्डाचं तोंड वर उठतं. हे तिनं नऊ वर्षांची असताना शिकलेलं. तिला त्याचा विचारही करावा लागत नसे.

बोर्ड उठला नाही.

तिनं पुन्हा दाबलं. टाच वर घ्यायला गेली, टाच जागची हलेना. तिसऱ्यांदा तिनं भिंतीला हात टेकला.

"बूट सैल आहे," ती म्हणाली.

बाबांनी तिला खुर्चीवर बसवलं. नाडी सोडली, बूट ओढून काढला. बुटातून काहीतरी खाली पडलं, फरशीवर टणटणत गेलं आणि कपाटाच्या पायाशी जाऊन गरगर फिरू लागलं. ते थांबेपर्यंत दोघंही बघत राहिले.

चाक काढलं की नट बुटात टाकायचा, म्हणजे घरंगळत नाही. बोर्डवाली सगळीच पोरं असं करतात. काल तिनं तीनच काढून घेतले होते.

"हा टोचला नाही तुला?"

"मोजा जाड आहे."

बाबांनी मोजा काढला. चांगलाच विरलेला होता. तळव्याच्या कडेला, करंगळीच्या खाली, नटाचे सहाच्या सहा कोन लाल उमटले होते. एका कोनाशी रक्त आलं होतं.

"बाबा, असं काय बघताय? दुखत नाहीये."

ते मान वर न करता म्हणाले, "डोळे मीट."

तिनं मिटले. बाबांचे हात कधी थरथरत नाहीत, धंदाच तसा. पण त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता. तिनं सकाळचं मागणं मनातल्या मनात मागे घेतलं. दुखू दे, म्हणाली, देवा, हवं तेवढं दुखू दे. रस्त्यावरून कुणीतरी शीळ घालत गेलं. ती थांबली. आणखी थांबली.

"शेंडेफळच धरणार तुम्ही," ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली. "मला माहितीय. धरा ना लवकर."

तिनं डोळे उघडले.

तिची करंगळी त्यांच्या चिमटीत होती. दाबून दाबून त्यांच्या अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं.