गरम माप

तेरवी आटोपल्यावर भागरतानं लोखंडी पिन भावापुढं ठेवली. "दादा, अशीच दुसरी बनवून दे. धानगिरणी आता मलेच चालवा लागन." हीच पिन निसटून गिरणीची पुली उडाली आणि तिच्या नवऱ्याच्या छातीवर आदळली होती. ती पिन भावानंच घरच्या लेथवर कातून दिलेली. त्यानं ती मोजली. केसभर बारीक भरली. त्या दिवशी मेहुणे घाई करत होते, म्हणून त्यानं ती कातताना तापलेलीच मोजली होती. तापलेलं लोखंड फुगतं, निवल्यावर आकसतं, हे जवाहरनगरच्या फॅक्टरीत तो बारा वर्षं सगळ्यांना बजावत आलेला. त्यानं नवी पिन कातली आणि बाजूला ठेवली. "मोजत काहून नाही?" "थंडी होऊ दे." भागरता पिनेकडं पाहत राहिली. "मागची पिन आणली तवा ह्यांची बोटं पोळली होती, दादा. मीच खोबऱ्याचं तेल लावलं होतं."