जाळीमागची जागा

"नाना, आज पलीकडं जावा की. हितं काय बघायचं न्हाई," गोलकीपर तौफिक मागं वळून म्हणाला.

हिंदुराव जाळीमागं पोतं टाकून बसले होते. ते याच कॉलेजात शिकले, याच टीमसाठी ओरडून म्हातारे झाले. पण टीम कायम मार खायची. सगळा खेळ आपल्याच गोलसमोर व्हायचा, म्हणून त्यांची बसायची जागाही हीच. गोल बसला की जाळीतून हात घालून ते पोराला म्हणायचे, "ऊठ रे, हुतंय असं."

यंदा नवे सर आले आणि पोरं पहाटे पळायला लागली. गेला सामना बरोबरीत सुटला. आज तर चेंडू मधली रेघ ओलांडून अलीकडं यायचं नाव घेईना.

हिंदुरावांनी पोतं झटकून काखेत मारलं, चार पावलं गेले आणि परत येऊन बसले. "मी गेलो तर तू एकटा पडशील की. तूच सांग, तिकडं काय चाललंय? मला लांबचं दिसंना."

तेवढ्यात मैदानभर गलका उठला. जुन्या सवयीनं हिंदुरावांचा हात जाळीतून आत गेला. "ऊठ रे, हुतंय..."

तौफिक नाचत होता. त्यानं तोच हात धरून गदागदा हलवला. "नाना, आपला गोल! आपला!"

हिंदुराव त्याच्या जर्सीकडं बघत राहिले. तिला मातीचा ठिपकाही नव्हता. मग म्हणाले,

"तुझ्या अम्मीला आज धुणं न्हाई बघ."