नऊ नंबरचं गाणं

नऊ नंबरच्या बसला नगरपालिकेने पैसे मंजूर केले. आता हे वाक्य वाचलंच नाही असं समजा, कारण सभागृहात ते अजून कुणाला ठाऊक नव्हतं. नायरी टीपेनेला तर मुळीच नव्हतं. ती माइकसमोर उभी होती.

“बस तोट्यात चालते म्हणता,” ती म्हणाली. “मग रस्त्यावरचे दिवे काय नफ्यात जळतात? बाग कमावते का काही? बस टेकडीच्या पायथ्यावरूनच वळवलीत, तर मी वर राहीन आणि दवाखाना खाली राहील. झालं माझं.”

“टीपेनेबाई, गहिवरून आलं,” नगरसेवक स्टॉकवेल म्हणाले. कपातीचा ठराव त्यांचाच. “पण वरच्या थांब्यांना बस रिकामी जाते. रिकाम्या खुर्च्यांना हवापालटासाठी टेकडीवर न्यायला आपल्याकडे पैसे नाहीत.”

बोलणारा थांबला की त्याच्या माणसांनी मागे उभं राहून गाणं म्हणायचं, ही नायरीच्या माओरी लोकांची रीत. गाण्याशिवाय भाषण पुरं होत नाही. नऊ नंबरचे उतारू झाडून सगळे उठले आणि एकमेकांची तोंडं बघू लागले. फलक रंगवून झाले होते, सगळ्यांना पुरेल एवढा केक भाजून झाला होता. गाणं ठरवायचं तेवढं राहिलं होतं.

“अरे, म्हणा की काहीतरी!” नायरी दातओठ खात कुजबुजली.

ड्रायव्हर फेतू सुट्टी असूनही गणवेशात आला होता. त्याने घसा खाकरला आणि बसमधल्या ध्वनिमुद्रित बाईचा सूर लावला. “पुढचा थांबा, मासळी बंदर...”

ते सगळ्यांना पाठ होतं.

“पुढचा थांबा, ग्रंथालय...” सगळ्यांनी एकदम उचललं. कुणी खालचा सूर धरला, कुणी वरचा. ग्रंथालय येताच दोन पोरी म्हणाल्या, “थँक्यू, ड्रायव्हर,” आणि खाली बसल्या. तसं कुणी सांगितलं नव्हतं. उतरताना म्हणतात, म्हणून म्हणाल्या. दवाखाना आला, परिचारिकांची अख्खी रांग थँक्यू म्हणून बसली. सॅडल स्ट्रीटला बेकरीवाला बसला, बायकोला कोपराने ढोसून तिलाही बसवलं. थांब्यागणिक गाणं पातळ होत गेलं आणि सभागृह मोठं होत गेलं. नायरीच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं ती शेवटपर्यंत जायची, पण आपल्याआधी एवढी माणसं घरी पोचतात हे तिने कधी ऐकलं नव्हतं.

फर्न रोडला कुणीच बसलं नाही. पाण्याच्या टाकीला एक पोरगा बसला, तो शेवटचा.

आता फेतूही थांबला. नायरीचा एकटीचा, चिरका, म्हातारा आवाज उरला.

“पुढचा थांबा, टेकडीचा माथा. शेवटचा थांबा.” “थँक्यू, ड्रायव्हर.”

“उद्या भेटू, मावशी,” फेतू सवयीने म्हणाला, आणि त्याचा चेहरा पडला.

मग सगळ्यांच्या लक्षात आलं की नगरसेवक स्टॉकवेल उभे आहेत. कधी उठले, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

“महापौरबाई, कामकाजात नोंद व्हावी,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “मी फर्न रोडला राहतो. माझा थांबा मागे गेला. तरी सभागृहाने कृपया दोन थांबे मागे यावं, ही विनंती.”