एकही अक्षर चुकलं नाही

थोरली नात राजेश्री लग्न करून बोरीला दिली, त्या वर्षी धाकट्या अर्पितानं मला अक्षरं शिकवली.

अर्पितानं फोनवर टाकलेल्या फोटोखाली वर्गातल्या पोरी रोज ‘म्हैस’ लिहायच्या. तिनं फोनवरूनच त्या फोटोच्या ॲपवाल्या कंपनीकडं तक्रार केली. उत्तर आलं तेव्हा फोन माझ्या हातात दिला.

“आबा, तुमीच वाचा.”

मी बोट ठेवून वाचलं, “आपली तक्रार तपासली. या मजकुरात काहीही गैर आढळले नाही.” एकही अक्षर चुकलं नाही, म्हणून मी खूश झालो.

“बघ बाई, न्हाई ना काई वाईट? ज्या कंपनीच्या साहेबाला मंत्री हार घालतेत, ती काय खोटं सांगंल?”

“बरोबर वाचलं, आबा,” ती म्हणाली.

त्याच वर्षी श्रावणात, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, पंधरा वर्षांच्या अर्पितानं जीव दिला.